शॉटगनचा गेज: रानटर्की आणि गूजच्या शिकारीत कुठला चालतो

छऱ्यांच्या बंदुकीची नळी किती रुंद आहे हे सांगणारा आकडा म्हणजे गेज. आपल्याकडे ह्यालाच बोअर म्हणतात, आणि बारा बोअर हा शब्द तर ज्यांनी बंदूक कधी हातात धरली नाही त्यांनीही ऐकलेला असतो. आकडा उलटा चालतो, नवीन माणूस इथेच गोंधळतो. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं, त्याचे सारखे १२ गोळे करायचे, त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ गेज, साधारण १८.५ मिमी. २० गोळे केले की गोळा लहान होतो म्हणून २० गेजची नळी १५.६ मिमीच भरते, १० गेजची १९.७. फक्त .४१० वेगळी, तो आकडा सरळ इंचातला व्यास आहे.

मोठ्या पक्ष्यांसाठी कुठला गेज हा वाद मुख्यतः अमेरिकेतला, रानटर्की (कोंबडीसारखा मोठा रानपक्षी) आणि कॅनडा गूज (मोठ्या बदकासारखा पाणपक्षी) ह्यांच्यावरून. (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्नच राहिला नाही आणि ते बरंच झालं, माळढोकाची अवस्था बघा.) लोक समजतात मोठी नळी म्हणजे छर्रा जास्त जोरात लागतो, पण तसं नसतं. छर्रा सारखाच आणि वेगही सारखा असेल तर कुठल्याही नळीतून सुटला तरी मार तेवढाच, मोठ्या नळीत फक्त छरे जास्त मावतात. छरे कमी पडले की लांबवर त्यांची जाळी विरळ होते आणि पक्षी मरत नाही, जखमी होऊन झाडीत जातो, आणि शिकाऱ्याच्या हातून ह्याहून वाईट काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

टर्कीचा नर बसलेल्या शिकाऱ्याने काढलेल्या मादीच्या आवाजाला फसून चालत जवळ येतो, ३०-३५ मीटरवर, आणि नेम फक्त डोकं-मानेवर धरायचा असतो. म्हणून आधी कागदावर बार काढून २५ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती छरे बसले ते मोजून बघतात. शिशाचे छरे असताना इथे १२ गेजच लागायची. आता टंगस्टनचे छरे आलेत, शिशाच्या दीडपटीहून जड, त्यामुळे बारीक छराही आत शिरतो आणि काडतुसात संख्येने खूप मावतात. हलकी २० गेज आता टर्कीला पुरते, जवळून .४१० सुद्धा.

गूजचं गणित वेगळं. तो उडता पक्षी, लांबवर, जाड पिसांचा. त्यात पाणपक्ष्यांवर शिसं वापरायला १९९१ पासून अमेरिकेत पूर्ण बंदी आहे, कारण पक्षी खडे समजून छरे गिळतात, ते पोटात दळले जातात आणि शिसं अंगात भिनतं. म्हणून पोलादाचे छरे वापरतात, पण पोलाद शिशापेक्षा हलकं, तेव्हा छरा जाड घ्यावा लागतो, आणि जाड छरे लहान काडतुसात मावत नाहीत. इथे १२ गेजच बरी. १० गेज जड आणि महाग, १९८८ साली १२ गेजचं साडेतीन इंची काडतूस आलं तेव्हापासून तिची गरज उरली नाही, आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठी १० पेक्षा मोठी नळी तिथे कायद्यानेच चालत नाही.

घरात दोन्ही गेज असतील तर खिसे वेगळे ठेवा. २० चं काडतूस चुकून १२ च्या बंदुकीत टाकलं तर ते घसरून नळीत पुढे अडकतं, वरून बघितलं तर चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं दिसतं, मग मागून १२ चं भरून बार काढला की नळी हाताजवळच फुटते. म्हणूनच २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात.