हाताने घडवलेल्या रेप्लिका तलवारी

रेप्लिका तलवार म्हणजे जुन्या काळातल्या एखाद्या खऱ्या तलवारीवरून किंवा तलवारीच्या एखाद्या प्रकारावरून आज नव्याने बनवलेली तलवार. व्याख्या एवढीच आहे, पण या एका नावाखाली काय काय खपतं ते बघितलं तर डोकं गरगरतं, कारण भिंतीवर टांगायचं चकचकीत स्टेनलेस पातं पण रेप्लिका आणि म्युझियममधल्या मूळ तलवारीची मापं घेऊन, वजन तोल सगळं जुळवून बनवलेली धारदार तलवार पण रेप्लिकाच. म्हणून पहिला प्रश्न हा, की ही तलवार नुसती बघायचीय, एकट्याने हवेत फिरवायचीय, समोरच्याच्या तलवारीवर मारायचीय की तिने काही कापायचंय. चारही कामांना वेगळी तलवार लागते आणि चारही कामं करणारी एकच तलवार कोणी विकत असेल तर तो बहुतेक पहिल्याच कामाची तलवार विकतोय.

शोभेची आणि कामाची

शोभेच्या तलवारींना वॉलहँगर म्हणतात. या बहुतेक 420 किंवा 440 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, गंजत नाहीत, चमकतात, पुसायची कटकट नाही. चाकूसाठी हे स्टील चांगलंच आहे, पण पातं लांब झालं की गणित बदलतं, लांब पात्याला धक्का सोसून वाकून परत सरळ व्हायचं असतं आणि तिथे ही स्टेनलेस पाती ठिसूळ पडतात, शिवाय शोभेच्या मालात हीट ट्रीटमेंटवर, म्हणजे पातं तापवून थंड करून कडक करण्यावर, कोणी मेहनत घेत नाही. त्यात मुठीच्या आत पात्याला नुसता एक बारीक रॉड वेल्ड केलेला असतो. अशी तलवार जोरात फिरवली की वेल्डिंगपाशी तुटून पातं समोरच्या दिशेने सुटतं, आणि ते कुठे जाईल ते फिरवणाऱ्याच्या हातात नसतं. बाकी भिंतीवर ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त तिला हात लावणाऱ्या पाहुण्यांवर लक्ष ठेवायचं.

कामाच्या तलवारी कार्बन स्टीलच्या असतात. इथे आकड्यांची भाषा चालते आणि ती समजायला सोपी आहे: 1045, 1060, 1095 यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बनचं प्रमाण, 1060 मध्ये साधारण 0.60 टक्के, 1095 मध्ये साधारण 0.95 टक्के. कार्बन जास्त तर धार जास्त कडक होऊ शकते आणि टिकते, पण पातं चुकीच्या हातात किंवा चुकीच्या हीट ट्रीटमेंटमध्ये तडकायची शक्यता पण वाढते, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे तलवार भारी असं समजणारे नवीन लोक फसतात. 5160 हे क्रोमियम असलेलं स्प्रिंग स्टील, गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांना वापरतात तेच, आणि 9260 मध्ये जवळपास 2 टक्के सिलिकॉन असतं त्यामुळे ते भरपूर वाकून परत जागेवर येतं. चिनी बनावटीच्या कटानांमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या बाकदार तलवारींमध्ये, टी10 नावाचं टूल स्टील खूप दिसतं, त्यात कार्बन 1 टक्क्याच्या आसपास. यातलं कुठलंही स्टील नीट केलं तर उत्तम आणि वाईट केलं तर भंगार.

पाणी देणं

खरी तलवार इथे बनते. आकार कोणीही देईल, पण पात्याला पाणी देताना जे चुकतं ते नंतर पॉलिश करून झाकता येतं, सुधारता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पातं साधारण 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, मग तेलात किंवा पाण्यात एकदम थंड करतात, त्याने स्टीलच्या आतली रचना बदलून मार्टेनसाइट तयार होतं, जे प्रचंड कडक असतं पण काचेसारखं तडकू शकतं. म्हणून मग पुन्हा कमी तापमानाला तापवून थोडा कडकपणा मुद्दाम घालवतात, याला टेंपरिंग म्हणतात. युरोपियन पद्धतीच्या आजच्या तलवारी अख्ख्या एकसारख्या कडक करून अशा टेंपर केलेल्या असतात की त्या स्प्रिंगसारख्या वागतात, कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर साधारण 48 ते 54 च्या दरम्यान.

जपानी पद्धत वेगळी आहे. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, मग तापवून पाण्यात बुडवतात. धारेकडचा भाग पटकन थंड होऊन कडक होतो, पाठ हळू थंड होते म्हणून मऊ राहते. मार्टेनसाइट जागा जास्त घेतं त्यामुळे धारेची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं, कटानाचा जो बाक आपल्याला दिसतो त्यातला बराचसा असा त्या पाण्यात येतो. कडक आणि मऊ भागांच्या सीमेवर जी ढगाळ, लाटांसारखी रेघ उमटते ती हामोन. स्वस्त तलवारींवर ही रेघ ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने नुसती काढलेली असते, लांबून फोटोत फरक कळत नाही, जवळून बघितलं की खोटी रेघ फार एकसारखी आणि सपाट दिसते. आणि एक गोष्ट, हामोन खरी असली म्हणून तलवार न तुटणारी होत नाही. मऊ पाठीचं पातं चुकीच्या कोनात मारलं तर वाकतं आणि वाकलेलंच राहतं, स्प्रिंग स्टीलचं पातं तिथे परत सरळ आलं असतं.

घड्या घातलेल्या स्टीलबद्दल पण जरा बोलायला हवं कारण जाहिरातींमध्ये सगळ्यात जास्त फेकाफेक याचीच चालते. जपानमध्ये तातारा भट्टीत काढलेलं तामाहागाने स्टील सगळीकडे सारखं नसायचं, कुठे कार्बन जास्त कुठे कमी, आत मळी अडकलेली, म्हणून ते ठोकून घडी घालून परत ठोकायचे, जेणेकरून ते एकजीव व्हावं. घड्या साधारण 8 ते 16 असतात. 10 घड्या झाल्या की 1024 थर होतात, यातूनच कुणीतरी हजार वेळा घडी घातलेली तलवार ही भानगड काढली असावी. आजचं कारखान्यातलं स्टील मुळातच एकसारखं असतं, त्याला घड्या घालून मिळते ती नक्षी, ताकद नाही, उलट थरांमध्ये सांधा कच्चा राहिला तर तोटाच. नक्षी आवडत असेल तर जरूर घ्यावी, सुंदर दिसते.

वजन, तोल आणि मूठ

जुन्या तलवारी अवजड असायच्या हा समज काही जाता जात नाही. युरोपातली मध्ययुगीन एका हाताची तलवार साधारण 1 ते 1.3 किलोची, दोन्ही हातांनी धरायची लाँगस्वोर्ड बऱ्याचदा दीड किलोच्या आतबाहेर, कटाना साधारण 1 किलोच्या जवळपास. 16व्या शतकातल्या प्रचंड दोन हाती तलवारी सुद्धा लढाईच्या असतील तर 2 ते 3.5 किलोच्या, त्याहून जड त्या मिरवणुकीच्या. वाईट रेप्लिका ओळखायची सोपी खूण ही, की ती जड असते, आणि जड असते कारण बनवणाऱ्याने पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत तशीच ठेवलेली असते. मूळ तलवारीत जाडी मुठीपाशी 6-7 मिमी असेल तर टोकाकडे जाता जाता 2-3 मिमीपर्यंत उतरते. हा उतार समोरून दिसत नाही, फोटोत येत नाही, घासायला वेळ खातो, म्हणून पहिली काटछाट तिथेच होते. पात्यावरची लांब पन्हळ पण वजन कमी करायलाच असते, ताठपणा फारसा न घालवता धातू काढून टाकायचा. ती रक्त वाहून जायला असते वगैरे कहाण्या सोडून द्या.

नुसतं वजन सारखं असूनही दोन तलवारी हातात पूर्ण वेगळ्या वागतात कारण वजन कुठे आहे ते महत्त्वाचं. तोलाचा बिंदू लाँगस्वोर्डमध्ये बहुतेक वेळा गार्डपासून, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या दांडीपासून, 7 ते 15 सेमी पुढे सापडतो, पण तो बिंदू जुळवायला मुठीच्या टोकाला मोठा गोळा लावणं ही पळवाट झाली, त्याने आकडा जुळतो आणि तलवार तरीही मेल्यासारखी वाटते. म्हणून मूळ वस्तू हातात घेऊन मापणारे लोक या क्षेत्रात फार मोलाचे. एवार्ट ओकशॉट या इंग्लिश संशोधकाने मध्ययुगीन तलवारींचं पात्याच्या आकारावरून वर्गीकरण केलं, दहा ते बावीस असे रोमन क्रमांक देऊन, आणि आजही रेप्लिका बनवणारे आपल्या मालाला त्याच क्रमांकाने ओळखतात. स्वीडनचा लोहार पीटर जॉन्सन याने युरोपातल्या म्युझियममधल्या कितीतरी तलवारी स्वतः मोजून त्यांच्या आखणीमागच्या भूमितीवर काम केलं, 2015 मध्ये जर्मनीत सोलिंगेनच्या ब्लेड म्युझियममध्ये त्यावर प्रदर्शन पण झालं.

मुठीच्या आत शिरणारा पात्याचा भाग म्हणजे टँग. तो पात्याच्याच धातूचा, सलग आणि खांद्यापाशी रुंद हवा, आणि पात्यापासून टँग सुरू होतो तिथला कोपरा काटकोनात नको तर थोडा गोलसर हवा, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा जातो. युरोपियन तलवारीत टँगचं टोक मागच्या गोळ्यातून बाहेर काढून ठोकून चपटं करतात, काही जण नट लावतात, नट पण चालतो फक्त मधून मधून कसून बघावा लागतो. जपानी तलवारीत मूठ एक किंवा दोन बांबूच्या खुंट्यांवर टिकलेली असते. हो, बांबूच्या, आणि त्या दर वेळी सरावाआधी तपासायच्या, सैल झाल्या तर बदलायच्या, यात आळस चालत नाही.

हाताने म्हणजे नेमकं किती हाताने

जाहिरातीतल्या या शब्दावर फार विसंबू नये. कोळशाच्या भट्टीत तापवून घणाने ठोकून बनवलेलं पातं हाताचं, पॉवर हॅमरखाली ठोकलेलं पण हाताचंच म्हणतात, आणि सरळ पट्टीतून ग्राइंडरवर घासून काढलेलं पण. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या न्यू ग्लॅरसची अल्बियन ही कंपनी पात्याचा आकार कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काढते आणि पुढचं घासणं, मूठ जुळवणं, फिनिशिंग माणसं करतात, आणि तरी युरोपियन रेप्लिकांमध्ये तिचं नाव आदराने घेतात. ठोकून घडवलेलं पातं आपोआप जास्त मजबूत असतं असं काही नाही. हाताचं खरं काम शेवटच्या टप्प्यात कळतं, कडा सरळ आहेत का, पन्हळ मध्यावर आहे का, गार्ड पात्याला घट्ट बसलाय की फटीत चकती ठोकलीय, म्यानात पातं खडखडतंय का.

उत्पादन जगभर पसरलेलं आहे. चीनच्या झेजियांग प्रांतातलं लोंगच्वान हे गाव तलवारींसाठी फार जुन्या काळापासून ओळखलं जातं आणि आज कटाना आणि जिएन ही सरळ दुधारी चिनी तलवार, दोन्हीची लहानमोठी वर्कशॉप तिथे आहेत. स्पेनमधलं टोलेडो आणि जर्मनीतलं सोलिंगेन यांची नावं जुनी. भारतात डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स 1943 पासून आहे, लष्करी समारंभाच्या तलवारी आणि ऐतिहासिक नकला दोन्ही बनवते.

सरावाच्या तलवारी

इआयदो, म्हणजे म्यानातून तलवार काढून वार करायची जपानी कला, शिकणारे बहुतेक जण इआयतो वापरतात, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं बिनधारेचं पातं. त्याला धार लावताच येत नाही आणि ते कशावर आपटायचं पण नाही, फक्त म्यानातून काढणं, फिरवणं, परत घालणं. लांबी उंचीवरून ठरते, 170 सेमीच्या आसपास उंची असेल तर साधारण 2.45 शाकू (जपानी माप) म्हणजे 74 सेमी पातं, पण शिक्षकाचं मत आधी घ्यावं, शाळेशाळेत फरक असतो. पात्यावर पन्हळ असेल तर वार सरळ गेला की हवा कापल्याचा आवाज येतो, शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, जरी काही जण नुसत्या आवाजाच्या मागे लागून हात बिघडवतात. कापण्याच्या सरावाला शिनकेन म्हणजे खरी धारदार तलवार लागते, आणि लक्ष्य म्हणजे पाण्यात भिजवलेल्या गवती चटईची गुंडाळी. कोरडं लाकूड, झाडाचा बुंधा, लोखंड यांच्यावर वार करून दाखवणारे व्हिडिओ बघून कोणी शिकू नये.

युरोपियन ऐतिहासिक तलवारबाजी, म्हणजे हेमा, यात दोन माणसं खरोखर एकमेकांवर वार करतात म्हणून तिथे फेडर नावाची सरावाची बोथट तलवार लागते. कडा जाड आणि गोल केलेल्या, टोक वळवलेलं किंवा पसरट, पातं इतकं लवचिक की भोसकल्यावर वाकून जोर जिरवेल, आणि गार्डजवळ पात्याला दोन्ही बाजूंना कानांसारखा रुंद भाग. हा प्रकार आजचा शोध नाही, योआखिम मायरच्या 1570 च्या तलवारबाजीच्या ग्रंथातल्या चित्रांत अशाच सरावाच्या तलवारी दिसतात. फेडरच्या कडांना मारामारीत ओरखडे पडून धातूचे टोकदार बुरे येतात, ते घासून काढले नाहीत तर हातमोजे आणि जॅकेट फाटतात. वुशू या चिनी युद्धकलेच्या स्पर्धेतली तलवार तर अगदीच वेगळी, पातं इतकं पातळ की हलवलं की फडफडतं, दिसायला आणि ऐकायला मस्त, पण जुन्या जिएनच्या जवळपास पण जात नाही.

सांभाळणं

कार्बन स्टीलला बोटांचे ठसे सुद्धा पुरतात, दोन दिवसात त्याच ठशाच्या आकाराचा गंज दिसतो. हाताळल्यावर पुसायचं आणि तेलाचा पातळ थर द्यायचा, थेंब ओघळतील इतकं नाही. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नये, चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात साठणारा ओलावा पात्याला खातात. लाकडी म्यान चालतं पण तेल जास्त झालं की लाकूड ते पिऊन घेतं आणि आतून घाण होतं.

कायदा आणि नकली जुन्या तलवारी

देशोदेशी नियम वेगळे आहेत. जपानमध्ये 1958 च्या कायद्याप्रमाणे लोखंडी तलवार नोंदणीशिवाय बाळगता येत नाही आणि नोंदणी मिळते ती परंपरागत पद्धतीने बनलेल्या तलवारींना, त्यामुळे बाहेर बनलेली साधी स्टीलची कटाना तिथे नेता येत नाही, मिश्रधातूच्या इआयतो तिथे रुजल्या त्यामागे हे मोठं कारण आहे. ब्रिटनने 2008 मध्ये 50 सेमी किंवा जास्त लांबीच्या वक्र तलवारींवर बंदी आणली, पण परंपरागत पद्धतीने हाताने घडवलेल्या आणि मार्शल आर्टसाठीच्या तलवारींना सूट ठेवली, म्हणजे हाताने घडवणं ही तिथे कायद्याची पण बाब झाली.

संग्राहकांची डोकेदुखी वेगळीच. 19व्या शतकात युरोपात मध्ययुगाचं वेड आलं तेव्हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी भरपूर नकला बनल्या, त्यातल्या काही इतक्या चांगल्या की पुढे अस्सल म्हणून विकल्या गेल्या. आजही ॲसिडने गंजवून, माती चोपडून जुनी केलेली पाती बाजारात येतात. प्रामाणिक कारागीर टँगवर किंवा गार्डजवळ स्वतःचा शिक्का मारतो, आणि तो शिक्का घासून काढलेला दिसला तर तलवारीचं वय विचारत बसू नये, सरळ परत ठेवावी.