जैवसुरक्षा प्रयोगशाळेतील प्रवेश व वावराचे नियम

रोगकारक सूक्ष्मजंतूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत कोणी, कोणत्या तयारीने आणि कोणत्या वाटेने आत जावे, आत कसे वागावे आणि बाहेर पडताना काय आतच ठेवावे, हे ठरवणारी लेखी नियमव्यवस्था. तिचे हेतू दोन आहेत. जंतूंपासून कर्मचारी, त्यांचे कुटुंबीय आणि परिसर यांचे रक्षण करणे हा पहिला, आणि धोकादायक जंतू गैरहेतू बाळगणाऱ्याच्या हाती पडू न देणे हा दुसरा. बाहेरून पाहणाऱ्याला दारावरचे कार्ड-यंत्र आणि सुरक्षारक्षक दिसतात, त्यामुळे दुसराच हेतू मुख्य वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक नियम पहिल्यासाठी आहेत आणि त्यांतले कित्येक अपघातांनंतर लिहिले गेले आहेत.

उगम : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेतला संसर्ग हा व्यवसायाचा भाग मानला जाई. तोंडाने ओढून पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) भरणे सर्रास चाले आणि जेवणाचा डबा कामाच्या टेबलावरच उघडला जाई. रॉबर्ट पाइक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांची नोंद होती, आणि त्यांपैकी एक पंचमांशाहून कमी प्रकरणांतच सुई टोचणे, नळी फुटणे, द्रव सांडणे असा ठळक अपघात सापडला. उरलेल्या लोकांना आपल्याला काही झाले आहे हे आजारी पडेपर्यंत कळले नव्हते. अमेरिकेतील फोर्ट डेट्रिक या लष्करी संशोधन केंद्रात आर्नल्ड वेडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून या कोड्याचे बरेचसे उत्तर मिळाले : नळी ढवळणे, सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारे यंत्र) उघडणे, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढणे अशा रोजच्या साध्या क्रियांतून डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत मिसळतात आणि श्वासावाटे शरीरात जातात. आजच्या जवळजवळ सर्व नियमांच्या मुळाशी हे न दिसणारे तुषार आहेत.

याच काळातल्या काही घटनांनी संस्थांना जागे केले. १९६७ मध्ये युगांडाहून आणलेल्या माकडांच्या पेशींवर काम करताना जर्मनीतील मारबुर्ग व फ्रँकफुर्ट आणि युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे ३१ जणांना एका अनोळखी विषाणूची लागण झाली आणि त्यांतले ७ दगावले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला, असा अनुभव त्याआधीच आला होता. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा या केंद्राने त्या रोगाचा विषाणू शोधून काढला आणि त्यावर काम करताना केंद्रातील कर्मचाऱ्यांनाही त्याची लागण झाली.

स्तर : अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र व राष्ट्रीय आरोग्य संस्था यांनी १९८४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेमुळे जैवसुरक्षेचे चार स्तर जगभर रूढ झाले. निरोगी माणसाला सहसा अपाय न करणाऱ्या जंतूंसाठी पहिला स्तर, कावीळ-बी किंवा साल्मोनेलासारख्या जंतूंसाठी दुसरा, श्वासावाटे गंभीर रोग देणाऱ्या जंतूंसाठी तिसरा आणि ज्यांवर सहसा खात्रीचा उपाय वा लस नसते अशा एबोला, मारबुर्ग, निपाह यांसारख्या विषाणूंसाठी चौथा. मात्र स्तर केवळ जंतूच्या नावावरून ठरत नाही, त्याचे काय करायचे आहे यावरूनही ठरतो. क्षयरोगाच्या रुग्णाची थुंकी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे तुलनेने कमी जोखमीचे काम आहे. पण तेच जंतू वाढवून त्यांवर औषधांची चाचणी घ्यायची तर तिसऱ्या स्तराची व्यवस्था लागते, कारण वाढवलेल्या जंतूंची संख्या प्रचंड असते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नियमपुस्तिकेच्या २०२० सालच्या चौथ्या आवृत्तीत ठरीव स्तरांपेक्षा प्रत्येक कामाच्या जोखमीचा स्वतंत्र विचार करण्यावर भर दिला, तो याचसाठी.

भारतात या व्यवस्थेला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली केलेल्या १९८९ च्या नियमांचा आधार आहे. त्यांनुसार संस्थेला संस्थात्मक जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. तिच्यात संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर एक वैद्यकीय अधिकारी आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला बाहेरचा सदस्य असतो. विभागाने २०१७ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रयोगशाळेची रचना आणि कामाच्या पद्धती तपशिलाने सांगतात.

प्रवेशाची पात्रता : पद किंवा पदवी यांवर प्रवेश मिळत नाही. संस्थेचा संचालक असला तरी त्याने त्या प्रयोगशाळेचे प्रशिक्षण घेतले नसेल तर त्याला दाराबाहेर थांबावे लागते, निदान थांबावे लागले पाहिजे. तिसऱ्या स्तरावर नवा कर्मचारी आधी लेखी कार्यपद्धती वाचतो, मग निरुपद्रवी जंतूंवर किंवा रंगीत पाण्यावर हात बसवतो, मग अनुभवी सहकाऱ्याच्या नजरेखाली काम करतो आणि त्यानंतरच त्याच्या कार्डाने दार उघडते. कामाला लागण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी होते, उपलब्ध लसी दिल्या जातात आणि गरजेनुसार त्याच्या रक्तातील थोडा द्रव गोठवून ठेवला जातो. पुढे संसर्गाची शंका आली तर आधीच्या आणि नंतरच्या रक्ताची तुलना करता येते. गर्भारपण, प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे किंवा आजार यांची माहिती वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावी लागते. ती गोपनीय राहील याची खात्री नसेल तर कोणी ती देणार नाही, म्हणून हा नियम कागदावर सोपा असला तरी चालवायला सर्वांत अवघड आहे.

प्रशिक्षणावरचा हा भर अनाठायी नाही. सप्टेंबर २००३ मध्ये सिंगापूरमधील एका संशोधक विद्यार्थ्याला सार्स या श्वसनरोगाची लागण झाली. तो वेस्ट नाइल विषाणूवर काम करत होता; त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळला गेला होता, आणि चौकशीत प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीतील त्रुटींबरोबर त्याच्या प्रशिक्षणाचा अपुरेपणाही नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी बीजिंगमध्ये प्रयोगशाळेतून सुरू झालेल्या सार्सच्या लागणीत नऊ जण आजारी पडले आणि एका संशोधक विद्यार्थिनीची आई दगावली. तिने प्रयोगशाळेत कधी पाऊलही ठेवले नव्हते.

दार आणि हवा : तिसऱ्या स्तरावर प्रवेश दोन दारांतून होतो. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही आणि मधल्या खोलीत कपडे बदलले जातात. आतल्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखलेला असतो, त्यामुळे दार उघडले तरी हवा बाहेरून आत वाहते. आतून बाहेर टाकली जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे कण ९९.९७ टक्के अडवतात. दाराशेजारच्या दाबमापकाचा काटा पाहून तो आकडा वहीत लिहिल्याशिवाय आत जायचे नाही, हा नियम किरकोळ वाटतो. पण पंखा बंद पडला असेल तर बाकीची सारी यंत्रणा फोल ठरते आणि ते सांगणारी बाहेरची ठळक खूण म्हणजे तो काटा. दारावर जैवधोक्याचे चिन्ह, आत हाताळल्या जाणाऱ्या जंतूचे नाव, आवश्यक कपडे आणि जबाबदार व्यक्तीचा संपर्क लावलेला असतो. हे चिन्ह १९६६ मध्ये अमेरिकेतील डाउ केमिकल या कंपनीत तयार झाले. ते आधी कोणाच्या ओळखीचे नसावे आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी सारखेच दिसावे, अशा अटी त्या वेळी घातल्या होत्या.

आतील वावर : खाणेपिणे, सौंदर्यप्रसाधने, दागिने, मोबाइल यांना मज्जाव असतो. वरच्या स्तरांवर कागदही एकदा आत गेला की तसाच बाहेर येत नाही; नोंदी आतल्या संगणकावरून पाठवल्या जातात. जंतूंची उघडी हाताळणी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या, पुढे काच असलेल्या कपाटातच, करायची असते आणि खरे कौशल्य तिथेच लागते. या कॅबिनेटचे संरक्षण काचेने होत नाही. ते होते काचेखालच्या फटीतून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पडद्याने, आणि तो पडदा फार नाजूक असतो. मागून कोणी झपझप चालत गेले, दार जोरात उघडले, हात आडवे फिरवले किंवा पुढच्या जाळीवर वही ठेवली तरी तो फाटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी काही मिनिटे कॅबिनेट नुसते चालू ठेवतात, लागणाऱ्या साऱ्या वस्तू आधीच आत मांडतात, हात सरळ आणि सावकाश आत-बाहेर नेतात, स्वच्छ वस्तू एका बाजूला व दूषित दुसऱ्या बाजूला ठेवतात आणि आत बर्नर पेटवत नाहीत, कारण ज्योतीची गरम हवा प्रवाह विस्कटते. घाईत असलेल्या माणसाने कॅबिनेटपाशी बसू नये, असे जुने कर्मचारी नव्यांना सांगतात ते उगीच नाही.

कॅबिनेटबाहेर नळी फुटून द्रव सांडला तर पुसायला धावायचे नसते. श्वास रोखून सर्वांनी बाहेर पडायचे, दूषित कपडे उतरवायचे, दारावर सूचना लावायची आणि तुषार खाली बसून हवा बदलेपर्यंत, साधारणतः अर्धा तास, थांबायचे. मग पूर्ण पोशाखात परत येऊन सांडलेल्या जागेवर शोषक कागद अंथरायचा, त्यावर जंतुनाशक कडेकडून मध्याकडे ओतायचे आणि ठरलेला वेळ जाऊ द्यायचा. सुई टोचली तर जखम धुऊन लगेच कळवायचे. इथे कळवणाऱ्यावर ठपका ठेवणारी संस्था स्वतःचेच डोळे बांधून घेते. पुढच्या वेळी सुई टोचते, पण कोणी सांगत नाही.

चौथा स्तर : पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची चौथ्या स्तराची प्रयोगशाळा २०१२-१३ च्या सुमारास उभी राहिली आणि २०१८ मध्ये कोळिकोड येथे निपाहची साथ आली तेव्हा नमुने तपासणीसाठी पुण्याला आले. या स्तरावर कर्मचारी स्वतःचे सर्व कपडे उतरवून आतले कपडे घालतो, संपूर्ण अंग झाकणारा पोशाख फुगवून त्याला कुठे भोक पडलेले नाही ना हे तपासतो आणि छतावरून लोंबणाऱ्या नळीतून पोशाखात हवा घेत काम करतो. पोशाखात दाब जास्त असल्याने तो फाटला तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. हवेच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, हातमोज्यांच्या थरांमुळे स्पर्शाची जाण कमी होते आणि काही तासांत थकवा येतो; म्हणून एकट्याने आत जाण्यास मनाई असते आणि कामाचा काळ मर्यादित ठेवतात. बाहेर येताना आधी पोशाखासह रासायनिक फवाऱ्याखाली उभे राहायचे, मग पोशाख व आतले कपडे मागे ठेवून अंघोळ करायची. ही अंघोळ कोणालाही टाळता येत नाही.

अंतर्बद्ध (एक बंद झाल्याशिवाय दुसरे न उघडणारी) दारे आणि आग यांचा मेळ घालणे हा रचनाकारांपुढचा जुना प्रश्न आहे. त्याचे मान्य उत्तर असे, की माणसाचा जीव जंतूंच्या बंदोबस्ताआधी येतो : आणीबाणीचे बटण दाबताच दार उघडले पाहिजे आणि बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला फवारा आवरता घेऊन बाहेर काढले पाहिजे. हे आधी सराव करून ठरवलेले नसेल, तर ऐन वेळी माणसे नियम आठवत उभी राहतात.

संशोधक नसलेले लोक : विजेची दुरुस्ती करणारा, वातानुकूलन पाहणारा, कचरा नेणारा, छायाचित्रकार, रखवालदार यांच्याबद्दल नियमपुस्तिका थोडक्यातच सांगतात, आणि चूक बहुधा तिथेच होते. देवीच्या रोगाने मरण पावलेली जगातील शेवटची व्यक्ती, जॅनेट पार्कर, बर्मिंगहॅम विद्यापीठात छायाचित्रकार होत्या. देवीच्या विषाणूवर काम करणारी प्रयोगशाळा त्यांच्या खोलीखालच्या मजल्यावर होती. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि विषाणू त्यांच्यापर्यंत नेमका कसा पोहोचला हे निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. इंग्लंडमध्येच २००७ मध्ये पिरब्राइट येथील प्राणिरोग संशोधनाच्या ठिकाणाहून लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला तो गळक्या सांडपाणी वाहिन्यांतून, आणि बांधकामाच्या वाहनांनी त्यामुळे दूषित झालेली माती बाहेर नेली असावी असे चौकशीत दिसले. माणसे आणि वाहने यांच्या ये-जा नोंदीतील ढिलाईवरही तिथे बोट ठेवले गेले. दुरुस्तीपूर्वी खोली निर्जंतुक करून तसा लेखी दाखला कामगाराला देणे, हा आता सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडे यात आणखी एक अडचण असते. कार्यपद्धती इंग्रजीत लिहिलेल्या असतात आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारे यंत्र) भरणारा परिचर मराठी किंवा हिंदी वाचणारा असतो. १२१ अंश सेल्सिअस तापमान, ठरलेला वेळ आणि तपासणीची पट्टी यांच्या सूचना यंत्राच्या शेजारी त्याच्या भाषेत लावणे हे सौजन्य नाही, सुरक्षेचाच भाग आहे. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे प्रयोगशाळेतला जंतुयुक्त कचरा बाहेर पाठवण्यापूर्वी जागेवरच निर्जंतुक करावा लागतो, आणि ती जबाबदारी शेवटी याच परिचराच्या हातात असते.

साठा आणि नोंदी : २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेल्यानंतर तेथे ठरावीक जंतूंजवळ जाऊ देण्यापूर्वी व्यक्तीची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक झाले. इतर देशांतही साठ्याच्या शीतकपाटाला वेगळे कुलूप, प्रत्येक कुपीची नोंद आणि वेळोवेळी मोजणी यांवर भर वाढला. तरी नोंद आणि वस्तुस्थिती जुळतेच असे नाही : जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे एका शीतगृहात १९५० च्या दशकातल्या देवीच्या विषाणूच्या कुप्या सापडल्या, आणि त्या तिथे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे कर्मचारी संस्था सोडतो तेव्हा कार्ड रद्द करण्याबरोबर त्याच्या नावावरील प्रत्येक कुपी नष्ट केली की दुसऱ्याच्या नावे चढवली, याची दोघांच्या सह्यांनिशी नोंद घेतली जाते.