विषाणू शिरला तरी गाठ का होत नाही?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या राजेंद्रनगरात वाण लुटता लुटता गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या पॅपिलोमा विषाणूवरच्या लसीचीही माहिती दिली. तिळगूळ तोंडात टाकत एका काकूंनी विचारलं, "हा विषाणू इतक्या जणींच्या अंगात शिरतो म्हणता, मग रोग मोजक्या जणींनाच कसा?" "प्रतिकारशक्ती," एवढं सांगून डॉक्टरीणबाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. उत्तर खरं होतं, पण पुरतं नव्हतं. इंदूरला हल्ली सगळं झटपट लागतं; ही गोष्ट मात्र १९११पासून सुरू होते.

त्या वर्षी न्यूयॉर्कला पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली; म्हणजे गाठ आणणारा होता अर्कातला विषाणू. याचं नोबेल १९६६ साली मिळालं, तेव्हा राउस ८७ वर्षांचे होते! पुढे त्या विषाणूतलं 'सार्क' जनुक सापडलं. काचेच्या बशीतल्या पेशींना ते बघता बघता बिघडवी. जनुक शिरलं की कॅन्सर ठरलेलाच, असा समज मग पक्का होत गेला.

त्याला तडा गेला तो अंड्यामुळे. १९८४ साली बर्कलीच्या मीना बिसेल आणि डेव्हिड डॉलबर्ग यांनी हाच विषाणू अंड्यातल्या चार दिवसांच्या गर्भाला टोचला. विषाणू पसरला, जनुकही चालू होतं, तरी पंख नीट घडत गेला. त्याच पंखातल्या पेशी सुट्या करून बशीत ठेवल्या, तर त्या एका दिवसात बिथरल्या. शेजार सुटला की पेशीचा तोल जातो, असंच म्हणायचं. बाहेर आलेल्या पिल्लाला टोचलं तर गाठ येई. आणि दुसऱ्या पंखाला जखम केली, तर तिथेही येई.

माणसाच्या बाबतीत पुरावा आला तो हेला पेशींतून. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशींत पॅपिलोमा विषाणूचा १८वा प्रकार आहे, हे हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने दाखवलं. त्याची ई-६ आणि ई-७ ही जनुकं पेशीची दोन राखणदार प्रथिनं, पी-५३ आणि आरबी, निकामी करतात. पण १९७६ सालीच एरिक स्टॅनब्रिज यांनी हेला पेशी निरोगी पेशींशी एकजीव केल्या होत्या. ती संकरित पेशी बशीत वाढे, उंदराच्या अंगात मात्र गाठ करत नसे. झुर हाउझेन यांच्या गटाने पुढे पाहिलं, तर बशीत चालू असलेली विषाणूची जनुकं उंदरात शिरताच गप्प होत होती. गंमत म्हणजे हे उंदीर थायमस ग्रंथी नसलेले, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींची फौजच नसलेले. म्हणजे लगाम पेशीच्या आतच होता, आणि तो ओढणारा इशारा भोवतालच्या ऊतीतून येत होता. भक्षकपेशी सोडतात तो टीएनएफ-अल्फा हा असाच एक इशारा: संकरित पेशी तो ऐकून विषाणूची जनुकं आवरतात, मूळ हेला पेशी त्याला दाद देत नाहीत. स्टॅनब्रिज यांच्या गटाने १९८६ साली हेला पेशीत निरोगी पेशीतलं फक्त ११वं गुणसूत्र घातलं, तेवढ्यानेही तिचं गाठ करणं थांबलं.