एका नोकरीत निम्मं जंगल

जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाला टेप गुंडाळायचा. वेल चिकटलेली असेल तर तिच्याखालून टेप सरकवायचा, वेलीसकट मोजायचं नाही. घेर ९४ सेंटिमीटर भरला तर ३.१४ नं भागून व्यास सुमारे ३० सेंटिमीटर. मोजलं त्या जागी रंगाची रेघ ओढायची, बिल्ल्यावरचा नंबर वहीत उतरवायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. आकड्यांतून जंगल समजून घेणाऱ्यांचा पाया हा एवढाच. फक्त हे लाखो वेळा करायचं, आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्या झाडापासून.

पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. तेच बारो कोलोरॅडो बेट. स्टीफन हबेल तेव्हा अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० मध्ये या बेटावर ५० हेक्टरांचा, म्हणजे जवळपास सव्वाशे एकरांचा तुकडा आखायला घेतला आणि १ सेंटिमीटर जाडीच्या, करंगळीएवढ्या रोपापासून सगळं मोजायचं ठरवलं. पहिल्याच मोजणीत दोन लाखांहून जास्त झाडं आणि ३०० च्या आसपास जाती भरल्या.

एवढा पसारा कशाला? तिथली झाडं वर्षाला साधारण शेकडा २ मरतात. एखाद्या जातीची २०च झाडं असतील, तर पाच वर्षांत त्यातली दोन जातील. दोनाऐवजी तीन गेली तर ती जात संकटात आहे, की हा निव्वळ योगायोग? वीस झाडांवरून ते सांगता येत नाही. उष्ण प्रदेशातल्या जंगलात बहुतेक जाती अशाच विरळ असतात, म्हणून तुकडा मोठा हवा आणि धीरही मोठा हवा.

याच दरानं हिशेब पुढे नेला की मला दर वेळी गलबलून येतं. वर्षाला शेकडा २ म्हणजे ३५ वर्षांत निम्मी झाडं संपतात. ३५ वर्षं म्हणजे एका प्राध्यापकाची नोकरी. रुजू झाल्या वर्षी मोजलेली निम्मी झाडं निवृत्तीच्या दिवशीही उभीच असतात, त्यांची गोष्ट अर्धीच राहिलेली असते. या शास्त्रात शिकवणं हा संशोधनाचाच भाग आहे. टेप पुढच्याच्या हाती दिला नाही तर मागच्याचे कष्टही वाया जातात.

शिकवायचं काय, याचं एक उदाहरण. दुसऱ्या मोजणीत एखादं झाड आधीपेक्षा बारीक भरतं. विद्यार्थी म्हणतो, 'सर, झाड आक्रसेल कसं? ही नोंद चुकली, काढून टाकू.' पण कोरड्या दिवसांत पाणी कमी झालं की खोड किंचित आकसतं, सालीचा पापुद्रा गळतो, आणि आधीच्या मोजणीत टेप थोडा तिरका धरला गेला असेल तर तेव्हाचा आकडाच जास्त भरलेला असतो. टेपची चूक वाढ जशी कमी दाखवते तशी जास्तही दाखवते. जास्त दाखवलेल्या नोंदी कुणाला खटकत नाहीत, त्या राहतात. फक्त उणे नोंदी काढल्या तर सरासरी वाढ फुगते आणि जंगल आहे त्यापेक्षा जोमानं वाढतंय असं दिसू लागतं. संख्याशास्त्राचा हा धडा वर्गातल्या फळ्यापेक्षा झाडाखाली पटकन उतरतो.

या वह्यांतून मोठे वादही उभे राहिले. कोणती जात किती वाढेल हे बरंचसं नशिबावर असतं, जातीजातींतला फरक क्षणभर विसरला तरी चालतं, असं हबेल मांडत आले. २००१ मध्ये त्यांनी तो सिद्धान्त सविस्तर लिहिला. त्याच बेटावर २०० जाळ्यांत पडलेलं बी मोजून दुसऱ्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं होतं, की एका जातीचं बी जिथं दाट पडतं तिथं त्यातून रोपं होण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे जी जात फार माजते तिला आपोआप लगाम बसतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण हबेल यांनी एवढी सोपी मांडणी केली नसती तर तिच्याशी ताडून पाहायला हाताशी काही राहिलं नसतं.

आपल्याकडे निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाईत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ मध्ये असाच ५० हेक्टरांचा तुकडा आखला. रामन सुकुमार यांच्या चमूनं तिथं मोजलेली नावं सह्याद्रीत फिरणाऱ्याला ओळखीची आहेत: साग, ऐन, नाणा, धावडा, बहावा. झाडं मात्र सुमारे २६ हजारच, आणि जाती सत्तरच्या आसपास, कारण हे पानगळीचं कोरडं जंगल. इथं हत्ती आहेत आणि वणवेही. सुरुवातीला संख्येनं भरपूर असलेली वारंग ही झाडाची जात हत्तींनी मोडून खाल्ली आणि झपाट्यानं कमी झाली. वणव्यात बारीक खोडं जळतात, पण जमिनीखालचं मूळ जिवंत असतं, पावसाला त्याच बुडख्यातून कोंब येतो. त्याला मेलं म्हणायचं की जगलं? नवा नंबर द्यायचा की जुनाच? जुनं मेलं आणि नवं उगवलं असं लिहिलं, तर एकाच मुळाची मृत्यूतही गणती होते आणि जन्मातही, आणि दोन्ही दर खोटे फुगतात.