गाडी मस्त चालतेय, मग कंपनी परत का बोलावतेय?

माझ्या मामाचा ट्रक आहे, चाकणहून माल भरतो आणि आठवड्यातून तीनचारदा मुंबईला जाऊन येतो. मागच्या वर्षी गाडी सर्व्हिसला नेली तर काउंटरवरच्या मुलाने चासी नंबर टाकला आणि म्हणाला, काका तुमच्या गाडीला रिकॉल आहे, म्हणजे पार्टमध्ये दोष असू शकतो म्हणून कंपनीने परत बोलावलीय, मागच्या चाकांचे स्टड (चाक धरून ठेवणारे बोल्ट) बदलायचेत, पैसे लागणार नाहीत. मामा म्हणाला अरे गाडी मस्त चालतेय, माझा दिवस कशाला वाया घालवतो. पत्र आलं होतं का विचारलं तर कळलं की आलं होतं, पण पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. मामाने ती निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून सेकंडहँड घेतलेली. म्हणजे वर्षभर गाडी घाट चढतउतरत होती आणि ज्याला कळायला पाहिजे त्यालाच माहिती नव्हतं.

मामाचा प्रश्न चुकीचा नाहीये. चालणारी गाडी का उघडायची? याचं उत्तर धातूच्या थकण्यात आहे, म्हणजे ज्याला फटीग म्हणतात त्यात.

ट्रकचं मोठं चाक एका फेरीत साधारण सव्वातीन मीटर पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेऱ्या. लोड गाडीत चाक फिरताना प्रत्येक स्टडवरचा ताण थोडा वाढतो, थोडा कमी होतो, दर फेरीला एकदा. पुणे-मुंबई जाऊन येऊन ३०० किलोमीटर धरलं तर ९० हजार वेळा, आणि अशा अकरा खेपांत दहा लाखांच्या जवळ! नट नीट आवळलेला असेल आणि धातू चांगला असेल तर स्टड हे आरामात सोसतो. पण पृष्ठभागावर केसाइतकी बारीक चीर असेल, किंवा आट्यांच्या मुळाशी गोलाई द्यायची तिथे धारदार खाच राहिली असेल, तर ताण त्या टोकाला एकवटतो आणि चीर दर वेळी अगदी किंचित पुढे सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. उरलेला धातू भार पेलेनासा झाला की मग एका क्षणात तुटतं, आणि एक स्टड गेला की त्याचा भार शेजारच्यांवर. हे काही आजचं ज्ञान नाही. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस असाच मोडला, खूप माणसं गेली, आणि पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या इंजिनियरने रेल्वेचे आस फिरवून फिरवून तोडले आणि दाखवून दिलं की एका दणक्यात जो भार सहज पेलतो तोच भार लाखो वेळा दिला तर लोखंड तुटतं.

आता कोणी म्हणेल, गाडी पास झालीच ना? झाली. आपल्या पुण्यात टेकडीवरच्या एआरएआय किंवा भोसरीच्या सीआयआरटी या गाड्या तपासणाऱ्या संस्थांमध्ये गाडीचं मॉडेल तपासलं जातं, उत्पादन ठरल्याप्रमाणे होतंय का तेही अधूनमधून बघतात. पण डिझाइन बरोबर असणं वेगळं आणि एखाद्या मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला बनलेला माल बरोबर असणं वेगळं. उदाहरण सांगतो. १२.९ ग्रेडचा बोल्ट असतो, दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२० किलोचा ताण पेलेल असं पोलाद. त्याला गंज लागू नये म्हणून ॲसिडमध्ये धुऊन झिंक प्लेटिंग करतात, तेव्हा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. तो काढायला माल लगेच भट्टीत २०० अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवावा लागतो. हे बेकिंग राहून गेलं किंवा घाईत कमी झालं तर बोल्ट दिसायला चकाचक, आवळताना पण ठीक, आणि नंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी नुसता ताणलेला असताना तडकतो.

मग चेक करून का नाही पकडत? खरी ताकद बघायची तर बोल्ट तोडावा लागतो, सगळा माल तोडता येत नाही. लॉटमधले ३०० बोल्ट तोडून बघितले आणि एकही खराब निघाला नाही, तरी आकडेशास्त्र ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगतं की खराब माल एक टक्क्याहून कमी आहे. एका ट्रकला असे कित्येक बोल्ट, आणि ट्रक हजारो. म्हणून दोन-तीन गाड्यांत एकच पार्ट तुटला की कंपनी पोलादाचा हीट नंबर (कुठल्या वितळीचं पोलाद ते), पार्टचा लॉट आणि चासी नंबर अशी साखळी लावते आणि त्या लॉटच्या सगळ्या गाड्या बोलावते, ठणठणीत चालणाऱ्या सुद्धा.

आपल्याकडे हे बरीच वर्षं कंपन्यांच्या मर्जीवर होतं, २०१२ पासून त्यांच्या संघटनेचे ऐच्छिक नियम. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू, आणि ट्रकसाठी मला हे फार कमी वाटतं. आपल्याकडे ट्रक त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं पळतात, आणि तोपर्यंत दोन-तीन मालक बदललेले असतात.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मला हे दर वेळी आठवतं. २५ टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली की जवळजवळ सात युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, इंजिन थोडी घेतं, बाकी बरीचशी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. तिथले सगळे अपघात काही बनावटीच्या दोषाने होत नाहीत, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं हे वेगळंच दुखणं आहे. पण ज्या उतारावर चांगला ब्रेकसुद्धा कसाला लागतो तिथे खराब लॉटचा पार्ट घेऊन कोणी उतरू नये, आजूबाजूला स्कूटरवर आईबाप आणि पोरं असतात हो.

स्टड बदलायला अर्धा दिवस गेला. जुने स्टड मामाने मागून घेतले, मी उजेडात धरून बघितले, भिंगाने पण बघितले, मला एकाही स्टडवर काही दिसलं नाही. मामाने मग ज्या एजंटकडून ट्रक घेतला त्याला फोन लावला, त्याच महिन्यात त्याने तशाच अजून दोन गाड्या विकल्या होत्या. एक हडपसरला सापडली, आरसीवरचा चासी नंबर सर्व्हिस सेंटरला कळवला तर तीही यादीत निघाली. दुसरी पुढे विकली गेलीय सोलापूरकडे, तिचा मालक मामा अजून शोधतोय.