जोडताऱ्यांची टक्कर आणि गॅमा किरणांचे स्फोट

अवकाशातून येणारे गॅमा किरणांचे, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे, स्फोट पहिल्यांदा टिपले ते खगोलशास्त्रज्ञांनी नव्हे, तर चोरून अणुचाचण्या होतात का यावर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी. तारीख २ जुलै १९६७. झोत बॉम्बचा नव्हता, एवढं कळलं. लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या रे क्लेबसाडेल आणि सहकाऱ्यांनी अशा १६ स्फोटांची माहिती छापली, ती थेट १९७३ मध्ये. मग तर्कांचं पीकच आलं. स्फोट किती लांबचे हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे एकही तर्क धड खोडून काढता येईना.

उत्तराचा धागा भलतीकडेच मिळाला. १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर रसेल हल्स हा पीएचडीचा विद्यार्थी एका पल्सारचा, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा (मेलेल्या अवजड ताऱ्याच्या अतिघन गाभ्याचा), आवर्तकाळ, म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ, कागदावर लिहायचा, पुढच्या मोजणीत तो जुळला नाही की खोडायचा, पुन्हा लिहायचा. दोष यंत्रात नव्हता. सेकंदाला सतरा ठोके देणारा तो पल्सार दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीने पावणेआठ तासांत एक फेरी पुरी करत होता. जोसेफ टेलर यांनी पुढची कित्येक वर्षं मोजमाप चालू ठेवलं, तेव्हा कक्षा आक्रसताना दिसली. जोडीची ऊर्जा गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळात उठणारे तरंग, नेत होत्या. सुमारे ३० कोटी वर्षांनी हे दोघे एकमेकांवर आदळणार, हे त्यातून ठरलंच.

अशा टकरीतूनच गॅमा स्फोट होत असावेत आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यंही तिथेच घडत असावीत, असं आयक्लर, लिव्हिओ, पिरान आणि श्रॅम यांनी १९८९ मध्ये मांडलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निबंध हाच; हाताशी पुरावा जवळजवळ नव्हताच. नंतर स्फोटांचे दोन गट पडले. दोन सेकंदांहून लांबलेले मरणाऱ्या अवजड ताऱ्यांचे निघाले, आखूड स्फोट न्यूट्रॉन जोडताऱ्यांच्या टकरींच्या वाट्याला आले.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो-व्हर्गो या वेधशाळांनी अशाच एका टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा झोत दिसला. अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं. मागे उरलेल्या रेडिओ प्रकाशाचा माग आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही काढला.

वाटणी पक्की झाली असं वाटलं, तोच डिसेंबर २०२१ मध्ये जवळपास मिनिटभर चाललेला एक स्फोट दिसला. मागे खुणा मात्र जोडताऱ्यांच्या टकरीच्या होत्या.