प्रेग्नन्सीआधीची रुबेला टेस्ट: कोणी करायची, कागद कुठले न्यायचे, रिपोर्ट कसा वाचायचा

बाळाचा विचार सुरू केला असेल तर रुबेला या पुरळ-तापाच्या व्हायरल आजाराची टेस्ट आणि गरज पडली तर त्याची लस, हे काम आत्ताच उरकून घ्या. आत्ताच म्हणतेय कारण ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची असते आणि प्रेग्नन्सीत ती देत नाहीत, त्यामुळे दिवस गेल्यावर कळलं की आपल्याला इम्युनिटी नाही तर डिलिव्हरी होईपर्यंत पुरळ-तापाच्या पेशंटपासून लांब राहणं एवढंच हातात उरतं.

तसा हा आजार मोठ्या माणसाला किरकोळच, थोडा ताप, बारीक पुरळ, कानामागे गाठी, कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. पण पहिल्या 12 आठवड्यांत आईला झाला तर बाळाला इजा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते आणि ती इजा म्हणजे मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातले दोष. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली, त्यांनी आयांकडे चौकशी केली तेव्हा बहुतेकींना सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होऊन गेलेला निघाला. तिथून हा धोका जगाला कळला.

आता टेस्ट कोणी करायची? जिला पुढे मूल हवंय आणि जिच्याकडे लस घेतल्याचा लेखी पुरावा नाही तिने. "लहानपणी मला गोवर आला होता" हे इथे अजिबात धरत नाहीत, कारण गोवर वेगळा, रुबेला वेगळा, आणि पुरळ तर दहा कारणांनी येतं. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) किंवा रुबेला लसीची तारखेसकट नोंद असलेलं कार्ड सापडलं, किंवा आधीच्या बाळंतपणाच्या फाइलमध्ये रुबेला आयजीजी (इम्युनिटी दाखवणारी अँटीबॉडी, म्हणजे रक्तातलं संरक्षक प्रथिन) स्पष्ट पॉझिटिव्ह असलेला रिपोर्ट मिळाला, तर बहुतेक वेळा नव्याने टेस्ट लागतच नाही. म्हणून आधी आईला फोन करून ते जुनं कार्ड शोधायला लावा!

डॉक्टरकडे जाताना हे कार्ड, जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी (स्टिरॉइड किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं असतील तर आवर्जून सांगा) आणि गेल्या वर्षभरात रक्त चढवलं असेल तर त्याचे कागद न्या, कारण चढवलेल्या रक्तातल्या अँटीबॉडीमुळे रिपोर्टही फसवू शकतो आणि लसही नीट लागू पडत नाही. चिठ्ठीवर "रुबेला आयजीजी" लिहिलंय ना तेही बघून घ्या. आयजीएम ही ताजं इन्फेक्शन शोधायची टेस्ट आहे, काही लक्षण नसताना उगाच केली आणि खोटी पॉझिटिव्ह आली तर घरभर टेन्शन होतं. बाकी टेस्ट साधी, दंडातून थोडं रक्त घेतात, उपाशीपोटी जायची गरज नाही.

रिपोर्ट वाचताना गडबड होते ती इथे. बाकीच्या बऱ्याच इन्फेक्शनच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हटलं की पोटात गोळा येतो, इथे आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे चांगली बातमी, इम्युनिटी आहे. बऱ्याच लॅब 10 आययू प्रति मिली ही सीमा धरतात, पण तुमच्या रिपोर्टवर शेजारी छापलेली रेंजच बघायची. निगेटिव्ह आला किंवा मधल्या संशयाच्या पट्ट्यात आला तर डॉक्टर एमएमआर घ्यायला सांगतात. एक किंवा दोन डोसची लेखी नोंद असून आयजीजी स्पष्ट पॉझिटिव्ह नसेल तर सहसा अजून एक डोस देतात आणि त्यानंतर परत टेस्ट करत बसत नाहीत.

लसीच्या दिवशी आपण प्रेग्नंट नाही याची खात्री हवी, पाळीची तारीख चुकली असेल तर आधी टेस्ट करा. डोसनंतर 28 दिवस प्रेग्नन्सी टाळायची. आणि तरीही त्या काळात दिवस राहिलेच किंवा नकळत आधीच राहिलेले निघाले तर घाबरून अ‍ॅबॉर्शनचा विचार करू नका, अशा चुकून घेतलेल्या लसीमुळे बाळात रुबेलाचे दोष आल्याचं आजवर दिसलेलं नाही, फक्त डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि ज्या आत्ता प्रेग्नंट आहेत आणि रिपोर्ट निगेटिव्ह आलाय त्यांनी डिलिव्हरी झाल्यावर घरी सोडायच्या आधीच एमएमआर मागून घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते, आणि डोसची तारीख कार्डावर लिहून सही घ्यायला विसरू नका.